मिनेसोटाच्या तळ्यांवर क्रॅपी आणि सनी कुठे शोधाव्यात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मिनियापोलिसच्या पश्चिमेकडील उपनगरात राहायला येऊन तुम्हाला दोन वर्षे झाली, घराजवळच्या तळ्याच्या सार्वजनिक धक्क्यावरून गळ टाकला की तळहाताहून लहान सनी एकामागून एक लागतात, पण मोठी कधीच लागत नाही, क्रॅपी मे महिन्यातला एखादा आठवडा भरपूर मिळतात आणि मग जणू तळे सोडून निघून जातात, बोट नाही, सोबत सहा वर्षांची मुलगी असते, आणि चांगल्या जागा कोणी सांगत नाही. शेवटच्या मुद्द्याचे उत्तर आधी देतो. जागा न सांगण्यात लोकांचा तुसडेपणा नसतो. शंभर-सव्वाशे एकरांच्या तळ्यात हिवाळ्यात एकत्र आलेला क्रॅपींचा थवा दोन-चार शनिवार-रविवारांत जवळजवळ संपवता येतो, आणि हे ज्याने एकदा पाहिले आहे तो पुढे तोंड मिटून राहतो. मीही इथे कोणत्याही तळ्यातील नेमकी जागा सांगणार नाही. ती शोधण्याची रीत मात्र हातचे काही न राखता सांगतो.

तुमच्या तक्रारीत दोन निराळ्या अडचणी एकत्र आल्या आहेत. सनी लहानच लागतात, ही त्या तळ्याची अडचण आहे, आणि धक्क्याच्या या टोकाऐवजी त्या टोकाला उभे राहून ती सुटणार नाही. क्रॅपी एकच आठवडा दिसतात, ही मात्र वेळेची अडचण आहे. मासे तळ्यातच असतात, फक्त मे महिन्यातल्या त्यांच्या जागी तुम्ही जुलैतही उभे असता. माझे बालपण मालवणजवळच्या खाडीकाठी गेले. तिथे गरी टाकणाऱ्या पोरालाही ठाऊक असते की मासा कुठे मिळेल हे भरती-ओहोटी ठरवते. बावीस वर्षांपूर्वी मिनेसोटात आलो तेव्हा तळ्याला भरती नाही, म्हणून माशालाही फारशी ये-जा नसावी, असे मी गृहीत धरले आणि पहिली तीन वर्षे एकाच धक्क्यावर घालवली. तळ्यातल्या माशालाही भरती-ओहोटी असते, फक्त तिचे एक आवर्तन वर्षभराचे असते: वसंतात मासा उथळ पाण्यात चढतो, उन्हाळ्यात पाणवनस्पतींच्या कडेला उतरतो, पाने गळू लागली की खोलात सरकतो आणि हिवाळ्यात बर्फाखाली खोलगट भागात थवे करून राहतो. एवढे एक सूत्र धरले की पुढच्या सगळ्या गोष्टी त्यात बसतात.

नावांचा घोळ आधी दूर करतो. पॅनफिश ही माशाची एक जात नसून तव्यात अख्खे मावतील अशा लहान गोड्या पाण्यातील माशांना मिळून दिलेले नाव आहे. मिनेसोटात त्यात मुख्यतः क्रॅपी, ब्लूगिल, पम्पकिनसीड आणि यलो पर्च येतात. ब्लूगिल आणि त्याचे भाऊबंद यांना इथले लोक सरसकट सनी म्हणतात. क्रॅपीचा उच्चार इथे 'क्रॉपी' असा करतात, त्यामुळे आमिषाच्या दुकानात गेल्यावर गोंधळू नका. काळी क्रॅपी आणि पांढरी क्रॅपी अशा दोन जाती आहेत. पाठीच्या परातील काटे मोजावेत, सात किंवा आठ असतील तर काळी, पाच किंवा सहा असतील तर पांढरी. मिनियापोलिसच्या आसपासच्या स्वच्छ, वनस्पती असलेल्या तळ्यांत तुम्हाला बहुतेक वेळा काळीच मिळेल.

आता तळे निवडण्याविषयी, कारण माझ्या मते मोठ्या माशाचे निम्मे काम घरी बसून होते. दहा एकर किंवा त्याहून मोठी अशी ११,८४२ तळी या राज्यात मोजलेली आहेत आणि त्यांतील हजारो तळ्यांची माहिती राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाने, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या डीएनआरने, 'लेकफाइंडर' या सेवेत विनामूल्य ठेवली आहे. तळ्याचे नाव घातले की खोलीचा नकाशा मिळतो, पाणी किती पारदर्शक आहे ते कळते आणि वेळोवेळी जाळी लावून केलेल्या पाहणीचे आकडे दिसतात. नवखा माणूस त्यात मासे किती मिळाले तेवढाच आकडा पाहतो आणि इथेच फसतो. एका जाळ्यामागे ब्लूगिलची संख्या अशाच प्रकारच्या इतर तळ्यांपेक्षा फार जास्त असेल, तर तो बहुधा धोक्याचा इशारा समजावा. त्याखालच्या तक्त्यात माशांची लांबीनुसार वाटणी असते, ती खरी वाचायची गोष्ट आहे. संख्या मध्यम, पण आठ इंच आणि त्यापुढच्या रकान्यात काही मासे आहेत, असे तळे मी चटकन वहीत उतरवतो. संख्या प्रचंड आणि सगळे सहा इंचांच्या आत, असे तळे पोरांसाठी राखून ठेवतो. आणखी एक खूण अशी की, ज्या तळ्यात लार्जमाउथ बास पुष्कळ असतात, अगदी लहान आकाराचे का होईनात, तिथे ब्लूगिलची पिल्ले मोठ्या प्रमाणावर खाल्ली जातात आणि जी वाचतात त्यांना अन्न भरपूर मिळून ती मोठी होतात. बास पकडणारे ज्या तळ्याला नावे ठेवतात, तिथे सनीवाल्याने एकदा तरी जाऊन यावे.

ब्लूगिल खुजे का राहतात हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण त्यात आपलाही हात असतो. उजनीच्या किंवा गावतळ्यातील चिलापीचे उदाहरण मराठी माणसाला चटकन पटेल: पिल्लावळ वाढली की अन्न वाटले जाते आणि सगळे मासे बोटभरच राहतात. ब्लूगिलच्या बाबतीत याला आणखी एक कारण जोडले जाते. विणीच्या हंगामात मोठे नर उथळ पाण्यात वाळू उकरून थाळीसारखी घरटी करतात, एकाच ठिकाणी अशी डझनावारी घरटी असतात, आणि नर त्यांची राखण करतात. त्यामुळे ते दिसतातही सहज आणि गळालाही पटकन लागतात. हे मोठे नर दरवर्षी काढून नेले की लहान नरांना वाढण्याची गरजच उरत नाही; ते लवकर वयात येतात आणि शरीर वाढवण्याऐवजी सगळी शक्ती प्रजननात घालवतात. मिनेसोटासारख्या थंड प्रदेशात आठ इंची ब्लूगिल व्हायला सात-आठ वर्षेही लागू शकतात, त्यामुळे एका जूनमध्ये केलेले नुकसान भरून यायला बरीच वर्षे जातात. याच कारणाने डीएनआरने २०२१ पासून निवडक तळ्यांवर सनीची दैनंदिन मर्यादा २० वरून ५ किंवा १० पर्यंत खाली आणली आहे. कमी मर्यादेच्या तळ्यांची ही यादी नियमपुस्तिकेत छापलेली असते, आणि ती नीट पाहिली तर मोठे ब्लूगिल वाढण्याची क्षमता कुठे आहे याचीच ती सरकारी यादी आहे. लोक तिला निर्बंधांची यादी समजून टाळतात, याचे मला नेहमी नवल वाटते.

क्रॅपीचे गणित निराळे आहे. तिची वीण दरवर्षी सारखी यशस्वी होत नाही. एखाद्या वर्षी पिल्ले भरपूर जगतात, मग दोन-तीन वर्षे जेमतेम जगतात. त्यामुळे एखादे तळे अचानक 'पेटते', तीन-चार वर्षे दहा-अकरा इंची क्रॅपी देते आणि मग तितक्याच अचानक ओस पडते. म्हणून क्रॅपीसाठी जुनी पाहणी वाचताना पाच-सहा इंची माशांचा रकाना पाहावा: दोन वर्षांपूर्वी तिथे गर्दी असेल, तर तोच घोळका आता तव्यायोग्य झालेला असतो. एकच आवडते तळे धरून बसण्यापेक्षा पाच-सहा तळ्यांवर लक्ष ठेवणे म्हणूनच शहाणपणाचे ठरते.

तळे ठरले की खोलीचा नकाशा कागदावर छापून घ्या आणि त्यावर तीन गोष्टी रंगवा. पहिली, उत्तर आणि वायव्य किनाऱ्याला असलेली उथळ खाडी, कालवा किंवा दलदलीचा कोपरा. दुसरी, जिथे उतार एकदम तीव्र होतो, म्हणजे समोच्च रेषा एकमेकींना खेटतात, ती पाणवनस्पतींची संभाव्य बाहेरची कड. तिसरी, मधला खोलगट भाग, विशेषतः पंचवीस ते पस्तीस फुटांचा, पसरट तळाचा. पहिली वसंताची, दुसरी उन्हाळ्याची, तिसरी हिवाळ्याची. या तीन जागा एकमेकींच्या जितक्या जवळ, तितका त्या भागात वर्षभर मासा राहण्याचा संभव जास्त. उपग्रहचित्रांत पाणी स्वच्छ असलेल्या तळ्यांवर पाणवनस्पतींचे गडद पट्टे स्पष्ट दिसतात, त्यांची नकाशाशी तुलना करावी.

एक सावधगिरीची सूचना इथेच देतो. क्रॅपीविषयीचे बहुतेक व्हिडिओ दक्षिणेकडील राज्यांतून येतात, जिथे धरणांचे जलाशय आहेत. केंटकी लेक किंवा मिसिसिपीतील ग्रेनेडा लेक ही त्यांतली प्रसिद्ध नावे. तिथे बुडालेली झाडे आणि मुद्दाम सोडलेल्या फांद्यांचे ढीग हाच क्रॅपीचा आसरा असतो, म्हणून ते लोक अहोरात्र लाकडाविषयी बोलतात. आपली तळी हिमनद्यांनी मागे ठेवलेली नैसर्गिक तळी आहेत. इथे लाकूड मिळाले तर उत्तमच, पण मुख्य आसरा पाणवनस्पतींचा आहे. लाकूड शोधत फिरण्यात मी स्वतः एक अख्खा उन्हाळा घालवला आहे.

आता ऋतूंकडे वळतो, आणि वसंतावर जरा रेंगाळतो, कारण बोट नसलेल्या माणसाचा खरा हंगाम तोच आहे. मिनियापोलिसच्या परिसरात तळ्यांवरचा बर्फ साधारण एप्रिलच्या मध्याच्या आसपास जातो. त्यानंतर उत्तर किनाऱ्याच्या उथळ खाड्या सर्वांत आधी तापतात, कारण दक्षिणेकडून येणारे ऊन त्यांच्यावर थेट पडते आणि उत्तरेचा गार वारा काठावरच्या झाडांमुळे अडतो. तळ काळ्या चिखलाचा असेल तर ऊन आणखी शोषले जाते. मुख्य तळ्याचे पाणी चाळीस-बेचाळीस अंश फॅरनहाइट असताना अशा कोपऱ्यात ते पन्नासच्या जवळ गेलेले असते. तिथे सूक्ष्म प्राणी आणि कीटक आधी हालचाल करू लागतात, त्यांच्यामागे छोटे मासे येतात आणि त्यांच्यामागे क्रॅपी. ही वीण नव्हे, हे केवळ जेवण आहे, आणि म्हणूनच दिवसागणिक ते येतात आणि जातात. सलग तीन उबदार दिवसांनंतरच्या दुपारी तीन ते सूर्यास्त ही वेळ साधावी. पहाटे उठून जाण्याचे पुण्य एप्रिलमध्ये फळत नाही, कारण रात्रभरात ते पाणी पुन्हा गार झालेले असते. गार वाऱ्याची लाट आली की मासे त्या कोपऱ्यातून निघून खाडीच्या तोंडाजवळच्या पहिल्या खोल कडेवर जाऊन थांबतात, म्हणून कोपरा रिकामा निघाला तर तळे न सोडता पन्नास-साठ पावले खोल बाजूकडे सरकावे.

दोन तळ्यांना जोडणारे कालवे आणि पुलांखालच्या अरुंद वाटा या दिवसांत विशेष कामाच्या असतात, आणि त्या काठावरून सहज हाती येतात. मिनियापोलिस शहरातील तळ्यांची साखळी हे याचे उत्तम उदाहरण आहे: बडे माका स्का, ज्याचे जुने नाव कॅल्हून होते, ऐंशी फुटांहून अधिक खोल आहे आणि सावकाश तापते, त्याला कालव्याने जोडलेले लेक ऑफ द आइल्स त्या मानाने बरेच उथळ आहे आणि लवकर तापते. खोल आणि उथळ यांच्यामधल्या अशा वाटेवर उभे राहणे म्हणजे भरतीच्या वेळी खाडीच्या तोंडाशी उभे राहणे होय. मिनेटोंका हे साडेचौदा हजार एकरांच्या घरातले तळे एकच एक तळे समजून नकाशा उघडू नये. ती अनेक उपसागरांची माळ आहे, पश्चिमेकडचे हॅलस्टेडसारखे भाग गढूळ आणि सुपीक, तर पूर्वेकडचे तुलनेने स्वच्छ, आणि प्रत्येक भागाचा स्वतंत्र विचार करावा लागतो.

पाणी साधारण साठ ते अडुसष्ट अंशांवर आले, म्हणजे मेचा मध्य ते जूनचा आरंभ, की क्रॅपीची वीण होते. मागच्या वर्षीच्या बुलरशचे, म्हणजे लव्हाळ्यासारख्या गवताचे, उभे वाळके दांडे आणि पाणकणसाची कड या तिच्या आवडत्या जागा. खोली बहुधा दोन ते सहा फूट. तुम्हाला धक्क्यावर मिळणारा तो एक आठवडा हाच आहे. नंतर पाणी सत्तरीकडे जाते आणि ब्लूगिल घरटी करू लागतात, त्यासाठी त्यांना वाळू किंवा बारीक खडीचा तळ लागतो. ध्रुवीकरण करणारा चष्मा लावून काठाने चालत गेलात तर फिकट रंगाच्या थाळ्या स्वच्छ दिसतात. माझी सवय अशी आहे की, घरट्यांवरचे मोठे नर पकडले तरी सोडून देतो आणि खाण्यासाठी सहा-सात इंचांचे ठेवतो. एकाच तळ्यावर पुन्हा पुन्हा जायचे असेल तर यात स्वार्थच आहे.

जून सरला की तुमच्या क्रॅपी 'नाहीशा' होतात. त्या जातात पाणवनस्पतींच्या बाहेरच्या कडेला, दहा ते पंधरा फुटांवर, किंवा त्याहून पुढे मोकळ्या पाण्यात अधांतरी. कूनटेल आणि रुंद पानांची पाँडवीड, जिला इथले लोक कॅबेज म्हणतात, या दोन वनस्पती ओळखायला शिका. त्यांच्या पट्ट्यातील वळणे, खाचा आणि दोन वनस्पती एकमेकींना भेटतात तो सांधा, इथे मासा थांबतो. उन्हाळ्यात तळ्याचे पाणी थरांत विभागले जाते. थर्मोक्लाइन नावाच्या सीमेखाली पाणी एकदम गार होते आणि सुपीक तळ्यांत तिथला प्राणवायूही संपत जातो. त्यामुळे तळ चाळीस फूट खोल असला तरी मासा त्या सीमेच्या वरच असतो आणि तळाला टेकवलेले आमिष रिकाम्या खोलीत टांगल्यासारखे होते. क्रॅपीचे मोठे डोळे संधिप्रकाशासाठी आहेत आणि ती बहुधा वर पाहून खाते, म्हणून आमिष तिच्या डोक्याच्या फूटभर वर असावे, खाली असू नये. काठावरून यासाठी एकच खरी संधी असते: ज्याच्या टोकाला दहा-बारा फूट पाणी आहे आणि जवळ वनस्पतींची कड आहे असा धक्का, आणि सूर्यास्तापूर्वीचा अर्धा तास ते अंधार पडल्यानंतरचा एक तास. दुपारी तिथे सनी पकडा, क्रॅपीची वाट पाहू नका.

खोली मोजण्यासाठी यंत्र नसेल तर मोजणी करावी. माहीत असलेल्या खोलीवर जिग, म्हणजे वजन जोडलेला गळ, सोडून तळाला टेकेपर्यंत किती सेकंद लागतात ते एकदा पाहून ठेवावे. मग प्रत्येक फेकीला चार, सहा, आठ असे मोजून गुंडाळायला सुरुवात करावी. ज्या आकड्याला मासा लागला तो आकडा हीच तुमची जागा. किनाऱ्यावरच्या माणसाला आडवी जागा फारशी बदलता येत नाही, पण उभी जागा बदलता येते, आणि बहुतेक जण ती कधीच बदलत नाहीत. बॉबर, म्हणजे पाण्यावर तरंगणारे बूच, तीन फुटांवर लावतात आणि दिवसभर तसाच ठेवतात. सरकता बॉबर वापरलात तर पंधरा फुटांवरही आमिष ठेवता येते. बाकी साहित्य साधे आहे: चार पौंडी दोरा, बत्तीसांश औंसाचा जिग, आठ किंवा दहा नंबरचा गळ. क्रॅपीच्या तोंडाची कातडी कागदासारखी पातळ असते, तेव्हा हिसका मारू नये.

शरद ऋतूविषयी थोडक्यात सांगतो: सप्टेंबरमध्ये ज्या पाणवनस्पती अजून हिरव्या आहेत त्या शोधा, कारण कुजणारी वनस्पती प्राणवायू खाते आणि मासा तिथून निघून जातो. ऑक्टोबरमध्ये क्रॅपी खोलगट भागाकडे सरकून थवे करतात आणि काठावरच्या माणसाचा हंगाम जवळपास संपतो.

हिवाळा मात्र बोट नसलेल्या माणसाला सगळे तळे मोकळे करून देतो. पहिल्या बर्फाला उथळ, अजून हिरव्या असलेल्या वनस्पतींत सनी आणि क्रॅपी दोन्ही मिळतात. जानेवारीत क्रॅपी खोलगट भागात, चिखलाच्या तळावर आणि त्याच्या वर अधांतरी, चिखलातल्या माशी-अळ्या आणि सूक्ष्म प्राणी खात फिरतात. मार्चमध्ये पुन्हा उथळाकडे परततात. टणक उतार संपून मऊ चिखल सुरू होतो ती सीमारेषा मी सर्वांत आधी तपासतो. एकच भोक पाडून तीन तास बसणे ही नवख्यांची ठरलेली चूक आहे. पंधरा-वीस पावलांवर दहा-बारा भोके ओळीने पाडावीत आणि प्रत्येकाला दहा मिनिटांहून अधिक वेळ देऊ नये. लोकांच्या तंबूंची वस्ती दिसेल, ती कोणत्या खोलीवर आहे ते नकाशावर टिपून घ्यावे, आणि मग त्याच खोलीचा, पण वस्ती नसलेला कोपरा शोधावा. बर्फाची जाडी मात्र स्वतः मोजायची. चालण्यासाठी किमान चार इंच स्वच्छ, घट्ट बर्फ लागतो. पांढऱ्या, भुसभुशीत बर्फाला हा हिशेब लागू नाही, आणि वसंतात चांगले असलेले तेच कालवे आणि पूल हिवाळ्यात सर्वांत धोक्याचे असतात, कारण तिथे पाणी वाहते. गळ्यात बर्फात रोवायचे टोकदार दांडे असल्याशिवाय मी आजही पाऊल ठेवत नाही.

तीस फुटांहून खोल पाण्यातून क्रॅपी वर ओढली की दाबातील फरकाने तिची आतडी आणि हवेची पिशवी बिघडते; ती पोहत गेली असे वाटले तरी पुष्कळदा मरते. म्हणून खोल पाण्यात 'पकडा आणि सोडा' हा प्रकार करू नये. खाण्यापुरत्या मिळाल्या की गळ गुंडाळावा. २०१८ पासून बाजारात आलेल्या, समोरचे मासे हलताना दाखवणाऱ्या सोनार यंत्रांमुळे असे थवे शोधणे फार सोपे झाले आहे. माझ्याकडे ते नाही, आणि घ्यावेसेही वाटत नाही, पण घेणाऱ्याला मी दोष देत नाही; त्याने मोजून थांबावे, एवढेच.

नियमांपैकी तुमच्या उपयोगाचे तेवढे सांगतो. सोळा वर्षे आणि त्यापुढील प्रत्येकाला परवाना लागतो. राज्यात साठ दिवस राहिल्यावर रहिवासी दर लागू होतो. क्रॅपी आणि सनीला बंदीचा काळ नाही, त्यामुळे एप्रिलमध्ये तुम्ही निःशंक जाऊ शकता, मात्र त्या काळात बास किंवा वॉलाय लागला तर लगेच सोडावा लागतो. क्रॅपीची सर्वसाधारण दैनंदिन मर्यादा १० आहे, पण तळ्यानुसार ती बदलते, म्हणून चालू वर्षाची पुस्तिका पाहावी. उघड्या पाण्यात एका माणसाला एकच दोर. उरलेले मिनो, म्हणजे आमिषाचे छोटे जिवंत मासे, तळ्यात सोडणे बेकायदा आहे, आणि तळ्याचे पाणी बादलीतून बाहेर नेणेही. मिनेटोंकात २०१० मध्ये झेब्रा शिंपले सापडले, त्यानंतर याबाबत ढिलाई राहिलेली नाही. खाण्याबाबत राज्याच्या आरोग्य विभागाच्या सूचना तळ्यागणिक वाचाव्यात, विशेषतः शहरातल्या तळ्यांच्या, आणि विशेषतः मुलीसाठी. मासा तसा फार नाजूक आणि गोडसर. रवा, हळद, मालवणी मसाला आणि कोकमाचे आगळ लावून तळलेली क्रॅपी खाताना मला मुडदुशांची आठवण येते.

घराजवळचे तळे सोडून द्यावे का, असेही तुम्ही विचारले आहे. मोठ्या माशासाठी सोडून द्या, पण मुलीसाठी ठेवा. सहा वर्षांच्या मुलाला तासाभरात एक दहा इंची मासा मिळण्यापेक्षा वीस चार इंची मिळालेले जास्त आवडतात. डीएनआरच्या 'फिशिंग इन द नेबरहुड' या उपक्रमात महानगरातील कित्येक छोट्या तळ्यांवर धक्के बांधलेले आहेत आणि तिथे मासेही सोडले जातात. त्यांपैकी तुमच्या जवळचे एखादे पाहून ठेवा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमारास, दहा नंबरच्या गळाला गांडुळाचा नखाएवढा तुकडा लावून, बॉबर दोन फुटांवर ठेवून तिच्या हाती काठी द्या. गळाचा उलटा काटा आधी पकडीने दाबून टाका, म्हणजे मासा सोडताना तिला तुमची मदत लागणार नाही.